वाढत्या अंगाची जर्सी

फुटबॉलमध्ये गोलकीपरची जर्सी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही जर्सी शिवायला शिकवण्यासाठी उभी राहिल्यावर. तोवर नांदेडात ब्लाउज, फ्रॉक आणि शाळेचे गणवेश शिवण्यात मी तीस वर्षं घातली होती आणि पुढे एका प्रशिक्षण केंद्रात मुलींना शिवण शिकवत होते. आमच्या घरात शिवण पिढीजात. अब्बा शेरवान्या शिवायचे. लग्नानंतर नवरदेव कितीही सुटला तरी अब्बांची शेरवानी उसवून त्याला पुन्हा बसवता यायची, कारण आत कापड राखलेलं असायचं. पोरांचे कपडे तर ते सरळ दोन बोटं मोठेच शिवायचे. "बच्चा बढता, कपडा नई बढता," असं म्हणायचे.

ही रीत काही एकट्या अब्बांची नव्हे. जूनमध्ये लेकराला घेऊन गणवेश शिवायला आलेली कुठलीही आई माप घेताना मागून हळूच म्हणते, "वाढत्या अंगाचं हाय बरं का." एवढं म्हटलं की शिंप्याला पुढचं सांगावं लागत नाही.

केंद्रात एक दिवस कॉम्प्युटर, मोठा प्रिंटर, गरम प्रेस आणि ओव्हरलॉकचं मशीन आलं. आता मुलींना खेळाच्या जर्सी शिकवायच्या, असं ठरलं. मी आठ दिवस शिकून आले आणि नवव्या दिवशी शिकवू लागले. शिकवणारा शिकणाऱ्यापेक्षा एक पान पुढे असला की भागतं म्हणतात. मी अर्धंच पान पुढे होते. पण आवाज मोठा असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काम तसं सरळ होतं. डिझाइन कॉम्प्युटरवर करायचं, ते कागदावर छापायचं, आणि गरम प्रेसखाली कागदावरचा रंग पांढऱ्या पॉलिस्टरवर उतरवायचा. मग तुकडे कापून शिवायचे. वर्गात नऊ जणी होत्या. नायगावच्या एकीचा हात कॉम्प्युटरवर चांगला चाले. तिचं पहिलं डिझाइन मी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. छातीवर वाघ, खांद्यावर ज्वाळा, पाठीवर गुलाबाची फुलं आणि खाली सोनेरी अक्षरं. चौकातलं वाढदिवसाचं बॅनरच ते, फक्त खाली शुभेच्छुकांचे फोटो राहिले होते.

"बये, हे घालून खेळायचंय, चौकात टांगायचं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, मग गुलाब काढू का वाघ?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

दुसरी अर्धापूरची. घरची केळीची बाग, रोज बसनं यायची. ब्लाउज असा शिवायची की मलाही दोष काढायला चष्मा लावावा लागे. तिला ओव्हरलॉकचा फार राग. ते मशीन शिवता शिवता कडेचं जादा कापड कापून टाकतं. "मॅडम, हे तर कापड खाऊन राहिलं! पुढं उसवायचं म्हणलं तर उसवायचं काय?" मी तिला झापलं, पण मनातून मलाही ते मशीन उधळंच वाटायचं.

पहिलं काम लातूरहून आलं. तिथल्या एका शाळेनं मुलींचा फुटबॉलचा संघ काढला होता. चौदा जर्सी हव्या होत्या. मी या दोघींना घेऊन मापं घ्यायला गेले. खेळाच्या सरांनी आम्हाला गोलकीपरच्या वेगळ्या रंगाचं सांगितलं, तेव्हा अर्धापूरवाली कळवळली, "एकटीलाच वेगळा रंग? तिनं काय केलं?"

ती एकटी, म्हणजे गोलकीपर, सगळ्यांच्या शेवटी आली. बाकीच्या नववी-दहावीच्या, ही सातवीतली, सगळ्यांत बारकी. अंगात थोरल्या भावाचा टी-शर्ट, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. सर म्हणाले, "पोरगी चपळ हाय हो. पण त्या बाह्या सुटतात न् हातावर येतात. मागल्या खेपेला त्याच्यानंच दोन गोल झाले. आता पंधरा दिवसांनी मॅच हाय, तिथं पण तसंच झालं तर दुसरीला उभं करावं लागंल." ते तिच्यादेखतच म्हणाले. तिनं मान खाली घातली.

अर्धापूरवाली टेप लावत असताना पोरगी माझ्याकडं बघून हळूच बोलली, "मॅडम, माझ्या मापाचीच शिवा. वाढती नको."

"हाव गं, तुझ्याच मापाची," मी म्हणाले. अर्धापूरवाली सांगत गेली तसे मी वहीत आकडे लिहिले आणि आम्ही नांदेडला परतलो.

पंधरा दिवसांनी मॅचच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही तिघी चौदा जर्सी घेऊन निघालो. बाहेरगावी कपडा द्यायला जाताना मशीन सोबत न्यायचं, हा अब्बांचा नियम, म्हणून माझं हातमशीनही होतं. अहमदपूर येईस्तोवर कंडक्टर दोनदा त्याला अडखळला. मॅच चारला होती. मुलींनी जर्सी घातल्या. निळ्या रंगावर पांढरे पट्टे, आणि नायगाववालीच्या हट्टापायी छातीवर अगदी छोटा वाघ. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग पिवळी जर्सी घालून गोलकीपर बाहेर आली. जर्सी तिच्या गुडघ्यापर्यंत आली होती. बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती.

तिनं सवयीनं एक बाही दुमडली, मग दुसरी. एकदा, दोनदा, तीनदा. ते दुमडणं माझ्या ओळखीचं होतं. मीही तीन बहिणींत धाकटी. सोळाव्या वर्षापर्यंत मी असंच दुमडत आले होते.

जुनं काही आठवलं की मी ओरडते. "माप कुणी घेतलं?"

"म्या घेतलं," अर्धापूरवाली म्हणाली. "बरोबर घेतलं. नुसती दोन बोटं सोडली. वाढत्या अंगाची हाय ना, मॅडम! त्या मशीनमुळं आत कापड ठेवता येत न्हाई, म्हणून मापातच ठेवलं."

नायगाववालीनं खाली बघत सांगितलं, "मी पण कॉम्प्युटरवर एक साइज वाढवली. लई बारकी वाटून राहिली व्हती."

मी दोघींना उभ्या उभ्या धुऊन काढलं. पोरीनं तोंडानं सांगितलं होतं, तुमचे कान कुठे होते, वगैरे. मग पुरावा म्हणून वही उघडली. अर्धापूरवालीनं छाती अठ्ठावीस सांगितलेली मला चांगली आठवत होती. वहीत माझ्या अक्षरात तीस होते. बाहीलाही दोन इंच जास्त, उंचीलाही. कधी लिहिले, मला ठाऊक नाही. हातानंच लिहिले.

बाकीच्या पोरींची उंची झालेली, त्यांच्या मापात कुणी फारसं वाढवलं नव्हतं. हिच्यावरच तिघींची माया उतू गेली होती.

तोंड मिटून मी व्हरांड्यात मशीन मांडलं. जर्सी तिच्या अंगावरच उलटी चढवून टाचण्या लावल्या. आता आत दुमडून चालणार नव्हतं. आत जाड शिवण राहिली तर धावताना अंगाला काचणार. म्हणजे कापायचं, आणि एकदा कापलं की पुन्हा सैल करायचा प्रश्नच मिटला. कात्री हातात घेतली, पण चालवेना. अर्धापूरवाली कानाशी पुटपुटली, "मॅडम, एक बोट तरी ठेवा. पुढल्या वर्षी काय घालंल ती?"

"पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी," मी म्हणाले आणि कात्री चालवली. बाजूचे पट्टे गेले, बाह्यांची टोकं गेली, खालची किनार गेली. पाठीवरचा एक नंबर तेवढा शाबूत राहिला.

मी भराभर कडा शिवून दिल्यावर तिनं जर्सी घातली. हात वर केले, खाली केले. मग उजवा हात डाव्या मनगटाशी गेला, दुमडायला. तिथे दुमडायला काही नव्हतं. ती स्वतःशीच हसली आणि मैदानाकडे पळाली.

मॅच मला फारशी कळली नाही. एक-एक अशी बरोबरी झाली. आमच्या पिवळ्या पोरीनं डावीउजवीकडे झेपा घेत किती चेंडू अडवले ते मोजायचं मी विसरले. प्रत्येक झेपेला अर्धापूरवाली "शिवण उसवंल गं!" म्हणून ओरडायची. सर येऊन म्हणाले, "आता हीच उभी राहणार." एवढं मला कळलं.

पुढल्या वर्षी सरांचा पुन्हा फोन आला, गोलकीपरची जर्सी नव्यानं शिवायची. माझ्यासोबत अर्धापूरवालीच आली. तिचा अभ्यासक्रम संपला होता, आता ती घरीच जर्सी शिवायची आणि ओव्हरलॉकला शिव्या देत तेच मशीन घ्यायच्या विचारात होती. पोरगी फाटकापाशीच उभी होती, अंगात तीच पिवळी जर्सी घालून. मनगटं उघडी, जर्सी पोटावर चढलेली. चांगली चार बोटं वाढली होती. मला वाटलं, आता अर्धापूरवाली म्हणणार, बघा, म्या सांगत नव्हते?

पण पोरगीच पळत आली. दोन्ही हात पुढे करून मला मनगटं दाखवत म्हणाली, "मॅडम, बघा, आखूड झाली! मला कधी कायबी आखूड झालंच न्हवतं. माझ्या मापाला यायच्या आधीच फाटायचं."

तिचा चेहरा फुलला होता. मी टेप काढली. छाती, उंची, बाही घेतली. अर्धापूरवाली वही उघडून बसली होती. तिनं पेन कागदावर टेकवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मॅडम, किती लिहू?"

"हाय तेवढंच लिही," मी म्हणाले.