भावाची उन्हाळी

माझ्या भावाला उन्हाळी लागली होती आणि ती शेजारच्या आक्कांच्या औषधाने बरी झाली, ही बातमी मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पोचल्या पोचल्या मिळाली. पिशवी ओट्यावर टेकवायच्या आत आक्कांनीच ती दिली. उन्हाने लघवी लाल झाली, जळजळ झाली की आमच्याकडे उन्हाळी लागली म्हणतात, आणि धुळ्याकडच्या उन्हात ती कुणालाही लागू शकते. रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी, वर सब्जा, असा तो उपाय होता. आक्का खुशीत सांगत होत्या. पण माझ्या भावाला उन्हाळी नव्हती. त्याला टीबी होता.

संक्रांतीच्या आसपास त्याचा खोकला काही केल्या हटेना. गावातल्या डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, मग पुन्हा सलाईन लावलं. बाटली लटकल्याशिवाय आमच्या लोकांना उपचार झाल्यासारखं वाटतच नाही, आणि डॉक्टरांनाही ते चांगलं ठाऊक असतं. शेवटी मीच त्याला जळगावला माझ्याकडे, पिंप्राळ्याला, ओढून आणलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि आजाराला एकदाचं नाव मिळालं. सरकारी गोळ्या सुरू झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. सहा महिने एक दिवसही खाडा करायचा नाही. या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होईल, घामालाही रंग येईल, त्याला घाबरायचं नाही. हा आजार ताटावाटीतून नाही, हवेतून पसरतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला दाखवायला आणायचं, त्याला आजार होऊ नये म्हणून वेगळ्या गोळ्या असतात. लहान मूल होतंच. भावाची चार वर्षांची नात त्याला क्षणभर सोडत नाही. भाऊ प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

रिक्षात बसल्यावर मात्र त्याने एकच गोष्ट बजावली, गावात हे कुणाला कळता कामा नये. घरी दोन म्हशी आहेत आणि अर्धी गल्ली दूध आमच्याकडून नेते. टीबीवाल्याच्या घरचं दूध कोण नेईल? मी म्हटलं, दुधाचा याच्याशी काही संबंध नाही. तो म्हणाला, ते मला कळतं, गल्लीला कोण सांगणार? त्याने गोळ्या घेतल्या म्हणजे झालं, असं म्हणून मी तो विषय तिथे सोडला.

थंडीत सगळं सुरळीत चाललं. अंगावर बंडी, वर सदरा, वर स्वेटर, त्यात घामाचा रंग कुणाला दिसतो? गालही जरा वर आले. मग चैत्र तापला, स्वेटर गेला, सदरा गेला, आणि पांढऱ्या बंडीवर काखेत केशरी डाग उमटायला लागले. दुपारी लिंबाखाली बसणाऱ्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. कुणीतरी विचारलं, हे काय? भावाने सुचेल ते सांगितलं, उन्हाळी लागली असेल, लघवीपण लाल होते.

झालं. गल्ली त्याच्यावर तुटूनच पडली. कुणी ताक आणलं, कुणी काकडी आणली, आक्का रोज सकाळी धण्याचं पाणी घेऊन हजर. लोक वाईट नाहीत हो, तोच तर वैताग आहे. एवढं पाजूनही रंग हटेना, तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी मुतखड्याचा निकाल दिला आणि भावाला धुळ्याला सोनोग्राफीला न्यायला गाडीसुद्धा ठरवली. तिथे गेलो की सगळं बाहेर येणार, या भीतीने भावाने काय करावं? गोळ्या बंद केल्या. दोन-तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. गाडी रद्द झाली आणि आक्कांच्या धण्यांचं नाव शेजारच्या गावापर्यंत गेलं.

हे सगळं वहिनीने मला चुलीपाशी पुरण घोटत सांगितलं, जणू शेजारच्या घरातली गंमत सांगतेय. गोळ्यांची पाकिटं तिने माठाखालच्या ओल्या वाळूत खोचून ठेवली होती. गोळ्या गरम असतात, तेवढाच त्यांना गारवा. मिरीग लागला, पाऊस आला, घाम कमी झाला, की पुन्हा सुरू करणार होते म्हणे. नातीला जळगावला का आणलं नाही, विचारलं, तर खेळत्या लेकराला गोळ्या कसल्या, असा उलटा प्रश्न आला. मी कपाळावर हात मारून घेतला. फोनवर दर आठवड्याला हाच भाऊ मला सांगत होता की गोळ्या चालू आहेत.

मधल्या खोलीत डोकावले तर डोकंच फिरलं. झळ आत येऊ नये म्हणून दार लावलेलं, खिडक्यांना ओली गोणपाटं ठोकलेली, आणि त्या अंधारात पंख्याखाली भाऊ आणि त्याच्या दंडावर डोकं ठेवून नात झोपलेली. भाऊ झोपेत खोकत होता. बाहेर फडताळात मात्र त्याचं ताट, वाटी, पेला अगदी नियमाने वेगळे मांडलेले. ज्याने काही होत नाही ते सोवळं कडक आणि ज्याने होतं ते दार बंद. मी गोणपाटं ओढून काढली तेव्हा वहिनी माझ्यावर चिडली, लेकराला ऊन लागेल म्हणून. तिचंही चूक नव्हतं. त्या उन्हात खिडकी उघडी ठेवा म्हणणं सोपं, त्या खोलीत राहणं अवघड.

ऊन उतरल्यावर बायका ओट्यावर जमल्या. आक्का पुन्हा तांब्या घेऊन आल्या. भावाला खोकल्याची उबळ आली आणि त्याने ती दाबली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबली. आक्का म्हणाल्या, हा उष्णतेचा खोकला, यालाही हेच औषध चालतं. मग त्यांनी मायेने नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाला पेला लावला. भाऊ मान डोलावत होता, डॉक्टरीणबाईंपुढे डोलावली होती तश्शीच. मला ते सहन झालं नाही.

"आक्का, भाऊले उन्हाळी नही शे," मी म्हटलं. "त्याले टीबी शे. अन् आते या पोरले व्हवाले नको."

आक्कांनी नातीला मांडीवरून उतरवलं, फार हळू उतरवलं, आणि तांब्या घेऊन गेल्या. बाकीच्या बायकांनाही घरची कामं आठवली. हा आजार गोळ्यांनी बरा होतो, दुधातून येत नाही, हे मी पाठीमागून सांगत राहिले. ऐकायला ओटाच उरला होता.

सकाळी दूध न्यायला एकही बरणी दारात आली नाही. वहिनीने घरातल्या प्रत्येक भांड्यात विरजण लावलं, भांडी संपली तरी बादली अर्धी उरली. मी नातीला जळगावला न्यायला तयार करत होते. वहिनीने तिची वेणी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः घातली.

"तुम्हीन निंघी जाशात, ताई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हाई दूध मी कोठे टाकू?"

भाऊ उठला, माठाखालची वाळू उकरून पाकीट काढलं, झटकलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन गोळी फोडायला बसला.

"आपला मनाशी लेवानं नही," मी आतून ओरडले. "इतला खाडा पडना, पहिले डॉक्टरले दखाडू."

"चाल मंग," तो म्हणाला. "लपाडानं काय ऱ्हायनं आते?"

मग त्याने तोंडाला उपरणं लावलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेला तो खोकला सगळ्या गल्लीदेखत मोकळेपणी खोकून घेतला.