हिला अर्थ नाय

“करंट जातो कुठं ते सगळेच बघतात. परत येतो का, ते बघा!”

बंद गाडीचं बॉनेट उघडण्याआधी आमचे मिस्त्री हे ऐकवायचेच, आणि वर पत्र्यावर दोनदा टकटक. बदलापूरला शिरगावात त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात कारकून. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल: हात काळे, पण शर्ट पांढरा, आणि संध्याकाळपर्यंत पांढराच. अंबरनाथपर्यंत सगळे कारखाने डोळे मिटून त्यांच्यावर गाड्या सोपवायचे. हे नाव हीच त्यांची कमाई.

आमच्याकडे मिलिटरीच्या लिलावातली पेट्रोलवरची एक जुनी गाडी होती, ट्रकच. ऐंशीच्या दशकातही ती पिंपं वाहायची, ती केवळ मिस्त्रींच्या जिवावर. नव्या साहेबांच्या मात्र ती डोळ्यांत खुपायची.

एकदा ती बंद पडली. मिस्त्रींनी प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, ड्रायव्हरला हँडल मारायला लावलं. ठिणगी नाही. कॉइल तपासली, पॉइंट घासले, तरी नाही. मग डिस्ट्रिब्युटरच्या आतली बोटभर वायर चिमटीत धरून हलवली आणि हसले.

“काय झालं, मिस्त्री?” मी विचारलं.

“काय नाय भाऊ, हिला अर्थ नाय. येतो मी.” आणि सायकलवर टांग टाकून गेले.

साहेबांना लेखी अहवाल हवा होता. मी दीडशहाण्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मिस्त्रींच्या मते या गाडीला अर्थ नाही.’ साहेबांना तेच हवं होतं. त्यांनी गाडी भंगारात काढली.

मिस्त्री तापाने आडवे झाले होते. चौथ्या दिवशी आले, तेव्हा उल्हासनगरचा भंगारवाला गाडीला दोर बांधत होता. “अरे, थांबा की!” म्हणत त्यांनी खिशातून नरम वायर काढली आणि तुटलेल्या वायरच्या जागी बसवली. हँडल मारताच गाडी धडधडली.

“साब, ये तो चालू है!” भंगारवाला खुशीत ओरडला.

आता साहेबांनी चूक कबूल करावी की नाही? पण चोर तो चोर, वर शिरजोर! ते चारचौघांत मिस्त्रींवरच उखडले. “तेव्हा अर्थ नाही म्हणालास, आणि सौदा झाल्यावर गाडी चालू? साटंलोटं आहे तुझं या भंगारवाल्याशी!” आणि माझा कागद त्यांच्या नाकासमोर नाचवला.

मिस्त्रींनी तो सावकाश वाचला. “बरोबर लिवलंय भाऊंनी. मी हेच बोललो. अर्थ म्हंजे ही अर्थिंगची वायर, साहेब. करंट हिच्यातनं परत येतो.”

साहेब ऐकतील तर शपथ! वॉचमनला हुकूम सुटला, याला पुन्हा फाटकात घ्यायचं नाही. चूक माझी होती, मी तिथेच उभा होतो, आणि नोकरी जाईल या भीतीने माझ्या तोंडाला कुलूप! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

थोड्या वेळाने गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर उभ्या मिस्त्रींनी कान देऊन आवाज ऐकला, जाता जाता तिच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

महिनाभरात इतर कारखान्यांनीही त्यांना बोलावणं बंद केलं.

शिरगावात त्यांच्या घरी जायला मला नव्वदचं दशक उजाडलं. मिस्त्री वारले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं.

“कोन तुमी? काय काम व्हतं?”

चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं.

“काही नाही,” मी म्हणालो, “गाडी दाखवायची होती.”