चोवीस खवले

ताईने अडीच महिने खपून जमवलेले चोवीस खवले ढब्बूने एका दुपारी, कपातला चहा निवायच्या आत, उडवून टाकले. वर चेहऱ्यावर असं समाधान, की बुडती नाव यानेच किनाऱ्याला लावली असावी.

खवले गेममधल्या सरड्याचे होते, म्हणजे तसे कुठेच नव्हते. पण हे वाक्य ताईसमोर उच्चारायची ढब्बूची आजही छाती नाही.

ढब्बू हा ताईचा धाकटा भाऊ. वय एकतीस, धंदा चष्म्याच्या काचा घासून फ्रेमला बसवण्याचा. लहानपणी गुबगुबीत होता तेव्हा हे नाव पडलं. आता अंगावर मांस औषधालाही उरलेलं नाही, नाव मात्र चिकटून राहिलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्यासमोर निळे ट्रे येतात. एका ट्रेत एका गिऱ्हाइकाची फ्रेम, दोन काचा आणि नंबराची चिठ्ठी. ट्रेमध्ये सगळं आलेलं असताना तो तसाच पडून दिसला, तर मालक काही बोलत नाही, नुसता ट्रेकडे बघतो आणि मग ढब्बूकडे बघतो. दहा वर्षं ते बघणं सोसल्यामुळे ढब्बूच्या हाताला एकच वळण लागलं आहे: सामान पुरं दिसलं की जोडून मोकळं व्हायचं.

ताईचं वळण वेगळं. ती शिवणकाम करते. म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत करत होती. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि त्याच इमारतीत तळाला तिचं दुकान, एक मशीन आणि एक आरसा मावेल एवढंच. कपडे वर नेऊन काजं-बटणं करायची, खाली आणून इस्त्री करायची, असं दिवसातून चार वेळा जिना. एकदा गणवेशांचं गाठोडं छातीशी धरून उतरताना पायरी दिसली नाही आणि नडगीचं हाड दोन जागी मोडलं. आत सळई घातली, टाके निघाले, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. ताई चालू लागली, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. दाराबाहेर जिना होता.

पडून पडून ताई भिंतींशी बोलायला लागेल, या धास्तीने ढब्बूने स्वतःचा गेम आणि रिमोट तिच्या घरी आणून टीव्हीला जोडून दिला. मोठा गेम होता. डोंगर, नद्या, राक्षस, उजाड किल्ले, वाटेल तिकडे भटकावं. ताईने यातलं काही केलं नाही. गेममध्ये एक तटबंदीचं गाव होतं, ती तिथेच राहिली. बाहेर मारामाऱ्या होतात, असं तिने ऐकलं होतं. गावात हिंडायची, बाजारातल्या बायकांशी बोलायची, आणि तटावर ऊन खायला येणाऱ्या सरड्याला लांबून दगड मारून त्याचा खवला मिळवायची. सरडा दिवसातून एकदोनदाच यायचा, आणि आला तरी खवला टाकेलच असं नाही.

हे सगळं कशासाठी, तर अंगरख्यासाठी. गावातला लोहार चिलखतं आणि अंगरखे वाढवून, म्हणजे आणखी मजबूत करून, द्यायचा, सामान आपण आणायचं. ताईने एक साधा कातडी अंगरखा धरला होता. तीन वेळा तो वाढवून झाला होता. चौथ्या आणि शेवटच्या वेळेला चोवीस खवले आणि कोळ्याच्या सुताच्या सहा लडी लागणार होत्या. खवले झाले. लडी चार झाल्या. दोन राहिल्या.

"अगं, सुताचं जमेल तेव्हा जमेल, खवले देऊन अर्धं काम तरी करून घे ना," ढब्बू एकदा म्हणाला होता.

"सामान पुरं झाल्याशिवाय कात्री नाही," ताई म्हणाली. "अस्तर न मोजता कोट बेतायला घेणारी माणसं वेगळी."

आणि तिने एक गोष्ट सगळ्यांदेखत कबूल केली होती. भावोजी होते, पायाचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई होत्या, ढब्बू होता. अंगरखा पुरा झाला की ती गेममध्ये वेशीबाहेर जाणार, आणि त्याच दिवशी इकडे जिना उतरणार. सगळे हसले होते. ताई हसली नव्हती.

तर ती दुपार. दुकानाला सुट्टी होती. आतल्या खोलीत व्यायामवाल्या बाई ताईचा पाय वरखाली करून घेत होत्या. "वर, धरा, सोडा. वर, धरा, सोडा." ढब्बू बाहेर चहा घेऊन बसला आणि सहज त्याने ताईची गेममधली थैली उघडली. चोवीस खवले. भरलेला ट्रे. त्याच्या बोटांना खाज सुटली.

वाईट हेतू मुळीच नव्हता. अंगरख्याच्या दोन लडी कमी आहेत, हे त्याला ठाऊक होतं. पण लोहाराकडे एक सरदारी चिलखत टांगलेलं होतं, पोलादी, खांद्यांवर सिंहाची तोंडं, आणि ते घ्यायला नेमके चोवीस खवले लागत होते. सूत नको, काही नको. संरक्षणाचा आकडा अंगरख्याच्या तिप्पट. ताईला कुठे कळतंय, तो मनात म्हणाला, उगाच कातड्याला कवटाळून बसली आहे. त्याने बटण दाबलं. लोहाराने घण घातला, ठिणग्या उडाल्या, आणि गेमने आपणहून तिथवरच्या खेळाची सगळी नोंद करून टाकली.

बाई गेल्यावर ताई काठी टेकत बाहेर आली आणि खुर्चीत बसली. पडद्याकडे बघून म्हणाली, "हे कोण?"

"तूच."

"मी? आणि हे खांद्यावर काय, मांजरं?"

"सिंह आहेत. ताई, मार कसला, आता तुला टाचणी टोचणार नाही."

तिने रिमोट घेतला आणि दोन पावलं चालवून पाहिलं. तो वीर असा सरकला, की घर बदलताना दोघांनी मिळून कपाट ढकलावं. पळायचं बटण दाबलं तर कपाट जरा जोरात सरकलं.

"माझे खवले?" ताईने विचारलं.

"यालाच तर लागले."

"परत मिळतात?"

ढब्बू लोहाराकडे गेला. लोहार परत घेत नव्हता. मागची नोंद तपासली, ती दोन मिनिटांपूर्वीची, चिलखतासकटची. "नाही," तो म्हणाला.

आता ताई फाडून खाणार, असं धरून त्याने मान खाली घातली. पण वरून काही आलंच नाही. त्याने हळूच बघितलं. ताईने काठी भिंतीला टेकवली होती, पाय लांब केला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर मास्तर आज येणार नाहीत असं कळलेल्या पोराची सुटका होती.

"असू दे," ती म्हणाली. "परत जमवू. घाई कसली आहे?"

तिने शिव्या घातल्या असत्या तर ढब्बू खाऊन पचवून घरी गेला असता. या "असू दे"ने त्याला कुरतडायला घेतलं.

संध्याकाळी भावोजी बेकरीतून आले. पहाटे तीनला भट्टीवर जाणारा आणि दिवसभरात मोजके शब्द खर्च करणारा माणूस. विचारलं, "लडी मिळाल्या?"

"लडींचं राहू द्या. ढब्बूने खवले वापरून टाकले," ताई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा मोकळेपणाच होता. "आता पुन्हा चोवीस."

भावोजींनी ढब्बूकडे पाहिलं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने त्यांच्याकडून शिकून घ्यावं, असं ते बघणं होतं. मग ते ढब्बूला सोडायला खालपर्यंत आले, जे ते कधी करत नसत.

"परवा तिने मला मशीनला तेल घालायला पाठवलं होतं," खालच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले. "शाळेच्या बँडचे कोट यायचे आहेत. बत्तीस. या आठवड्यात खाली येते म्हणून तिने फोन करून सांगितलं होतं."

"मला माहीत नव्हतं, भावोजी."

"तुला कसं असणार," ते म्हणाले आणि वर गेले. ढब्बू ताईच्या दुकानाच्या बंद शटरसमोर थांबला. शटरखालून ताज्या तेलाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो काम सुटलं की थेट ताईकडे जाऊन तटासमोर दगड घेऊन बसू लागला. कधी खवला मिळे, कधी नाही. ताई त्याच्या शेजारी बसून त्याची फार काळजी घेई. दमला असशील, आज राहू दे. डोळे दुखतील, तुझं कामच डोळ्यांचं. सरडा आज येणार नाही बघ, आभाळ आलंय. नवव्या दिवशी सात खवले झाले होते. त्याच दिवशी शाळेतून फोन आला, की कोट दुसऱ्या शिंप्याकडे दिले, थांबता येण्यासारखं नव्हतं. ताईने "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि उशीचा अभ्रा सरळ करत बसली.

ढब्बूला राहवेना. "ताई, खरं सांग. खवले गेले तेव्हा तुला बरं वाटलं ना?"

"वाटलं," ती सहज म्हणाली. "त्या जिन्याकडे बघितलं की मला ते गाठोडं दिसतं. आधी ते खाली पोचलं, मग मी. अंगरखा होईल तेव्हा उतरेन म्हटलं होतं, आणि तो खरंच व्हायला आला. रात्ररात्र झोप नव्हती मला. तेवढ्यात तू देवासारखा धावून आलास."

देवासारखा. ढब्बूला जमिनीने पोटात घेतलं असतं तर त्याची हरकत नव्हती.

वेशीबाहेर दगडाची एक खाण होती आणि तिथे सरड्यांची वस्तीच होती. एका तासात दहा खवले मिळाले असते, पण सरडे बैलाएवढे होते. आता माघार नाही, असं ठरवून ढब्बूने ते सिंहवालं चिलखत चढवलं आणि निघाला. पहिल्याच सरड्याने शेपटी मारली. ढब्बू वळेपर्यंत दुसरी बसली. तो मेला. पुन्हा गेला, पुन्हा मेला. चार वेळा मेला. पाचव्यांदा तर सरड्यापर्यंत पोचलाच नाही, खाणीच्या कडेवरून घसरून मेला.

मग ताईचं तोंड सुटलं. "अरे बाजूला हो, बाजूला. कसला होतोस, काखेतच गच्च बसलंय ते. हात वर होत नाही तुझा, दिसत नाही का? माप न घेता शिवलेलं अंगावर घातलं की असंच होतं. आण इकडे."

"ताई, तिथे मार बसतो."

"बघतेय ना मगाचपासून. आण."

तिने चिलखत उतरवून अंगरखा घातला, तीन वेळा वाढवलेला, चौथ्या वेळेला राहिलेला. वेशीपाशी ती थांबली. रिमोटवरचे तिचे अंगठे पांढरे पडलेले ढब्बूला दिसले. मग ती बाहेर पडली, खाणीच्या कडेकडेने उतरली, आणि उतरते न उतरते तोच एका सरड्याने तिला उडवली. वीर तीन कोलांट्या खाऊन उठला. जीवाची पट्टी तिसऱ्या हिश्शाने कमी झाली होती.

"एवढंच?" ताई म्हणाली.

ढब्बूने मान डोलावली.

"मला वाटलं होतं एका फटक्यात संपतं सगळं." ती पट्टीकडे बघत राहिली आणि त्या नादात तिला दुसरा फटका बसला. मग मात्र तिने हात चालवला. अंगरख्यात पळता येत होतं, वाकता येत होतं, दगडावर चढता येत होतं. कपातल्या चहावर साय आली तेव्हा थैलीत सोळा खवले होते. त्यातले नऊ तिचे.

त्यानंतर तीन दिवस ती जिन्याबद्दल अवाक्षर बोलली नाही आणि ढब्बूनेही कानाला खडा लावला. चौथ्या दिवशी तो आला तर घराचं दार उघडं, खुर्ची रिकामी, काठी गायब. तो तसाच मागे वळला आणि खाली धावला. ताई मघाशी त्याला दिसली नव्हती, कारण तो मान खाली घालून, मोबाइल बघत, तिला ओलांडून वर गेला होता. ती पहिल्या वळणावर कठड्याला टेकून पायरीवर बसली होती.

"बसली आहेस की पडली आहेस?" त्याचा आवाज चिरकला.

"बसले आहे. पडले असते तर आवाज झाला असता, मला अनुभव आहे." तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं. "अकरा झाल्या. एवढ्यातच तू माझा पाय तुडवून वर गेलास. चांगला नव्हे, दुसरा तुडवलास."

"दुखतंय?"

"आता पुढे उभा राहा. उलटा. आणि मी सांगितल्याशिवाय हात लावू नकोस."

ढब्बू उलटा, एकेक पायरी खाली, दोन्ही हात पसरून, आणि ताई वर कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एकेचाळीस पायऱ्यांना पाऊण तास लागला. खाली पोचल्यावर तिने शटरवर तळहात ठेवला. "उघड" असं म्हणाली नाही. कोट गेलेच होते. नंतर वर चढायला एक तास लागला, आणि त्यात ती ढब्बूला दोनदा गाढव म्हणाली.

दुकान आता रोज चार तास उघडं असतं. भावोजी बेकरीत सगळ्यांना सांगतात, की मेव्हण्याने युक्तीने तिला बाहेर काढलं. यात युक्ती कसली आणि काढलं कुणी, हे ढब्बूला चांगलंच माहीत आहे. तो मूग गिळून बसतो, आणि प्रत्येक वेळी त्याला बत्तीस कोट दिसतात, पितळी बटणांचे, कुणा दुसऱ्याच्या मशीनखालून गेलेले.

"आता अंगरख्याचं काय एवढं?" तो एकदा ताईला म्हणाला होता. "तू तर उतरलीस."

ताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "उतरले ती माझ्या पायांनी. खवले तू उडवलेस. ते नऊही माझे मी आणले, ते तुझ्या खात्यात नाहीत. तुझे सातच. सतरा बाकी."

गेल्या सुट्टीच्या दिवशी तो बसला होता तटासमोर. दोन मिळाले.