खालची ओळ

आमचे दाजी काहीही खालून वर वाचत. लग्नपत्रिका हातात आली की आधी 'आहेर आणू नये' लिहिलंय का ते बघत, मग जेवण कुठे आहे ते, आणि नवरा-नवरीच्या नावांपर्यंत पोचेपर्यंत समोरचा चहा गार झालेला असे. औषधाची बाटली, एसटीचं वेळापत्रक, नळपट्टीची नोटीस, सगळीकडे तीच तऱ्हा. कुणी हसलं तर म्हणत, "वरच्या ओळी सायबासाठी असत्यात. आपल्या कामाची ओळ सगळ्यात खाली असती."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, नवरे. तरुणपणी ते परभणीच्या एका टॉकीजसाठी काचेच्या स्लाइड रंगवत. तळहाताएवढी चौकोनी काच, तिच्यावर बारीक ब्रशनं काढलेली अक्षरं; मागून उजेड सोडला की ती पडद्यावर पुरुषभर उंच होत. 'मध्यंतर' हा शब्द दाजी असा काढत की तो वाचूनच भजी खावीशी वाटत. पुढे टॉकीजवाल्यानं जाहिरातींच्या फिल्मा आणल्या आणि दाजींचा ब्रश वाळला. मग ते एका प्रशिक्षण केंद्रात लागले. तिथं शेतकऱ्यांना बियाणं, खत, फवारणी यांची माहिती स्लाइडवरून देत. दाजी तिथं तात्पुरते लागले आणि मी सांगतोय त्या वर्षापर्यंत अकरा वर्षं तात्पुरतेच होते. यात काही गमतीचं आहे, असं त्या केंद्रात कुणालाच वाटत नसे.

केंद्राचं नाव मी सांगत नाही, कारण त्यातलं नेमकं कोणतं सांगावं हा प्रश्नच आहे. दर नवा साहेब आला की केंद्राचं नाव बदले. आधीच्या नावात 'प्रशिक्षण' असेल तर हा 'प्रबोधन' करी, पुढचा 'ग्रामीण' हा शब्द मागून पुढे आणी. एक सही झाली की पाटी रंगवायला दाजींकडे येई. हे दिवस नामांतराचे होते. आपल्या विद्यापीठाला ते एक नाव मिळावं म्हणून आमची सगळी वस्ती मोर्चे काढत होती, जळालेली घरं सोसत होती, तुरुंगात जाऊन येत होती. दाजीही आठ दिवस आत जाऊन आले आणि हजेरीपटावर आठ फुल्या पडल्या. परत आल्या आल्या केंद्राची नवी पाटी रंगवायला बसले. म्हणाले, "आपल्याला एका नावासाठी पिढी लागायलीय, आन् सायबाला दुपार लागती." एवढं बोलून 'प्रबोधन'चा 'प्र' काढला, तोही झकास.

मी सांगतोय त्या वर्षी जे साहेब आले, त्यांना आम्ही घरात एकसारखे साहेब म्हणत असू. त्यांना सगळं एकसारखं लागे. कुंड्या एका उंचीच्या, शिपायांच्या मिशा एका मापाच्या. स्लाइडचे एकोणतीस डबे होते, एका विषयाला एक डबा, डब्यात खाचा आणि खाचांत वीस-पंचवीस काचा. आधीच्या प्रत्येक साहेबानं आपापल्या आवडीची किनार मारून घेतलेली, त्यामुळे कापूस तांबड्या किनारीत, ज्वारी निळ्या, आणि म्हशींच्या आजारांना जांभळी. साहेबांनी हुकूम काढला: दिवाळीनंतर वरचे साहेब भेटीला येणार आहेत, तोवर सगळ्या काचा एका रूपात दिसल्या पाहिजेत. किनार पिवळी, मथळा डावीकडे, आणि प्रत्येक काचेवर सगळ्यात खाली एक हिरवी पट्टी. पट्ट्या त्यांनी प्रेसमधून पातळ कागदावर छापूनच आणल्या होत्या. तिच्यावर 'एकसारखा विचार, एकसारखे शिवार' हे स्वतः साहेबांनी रचलेलं वाक्य आणि त्याखाली साहेबांचं नाव, पदवीसकट. हे वेळेत झालं तर दाजींना कायम करण्याचं टिपण वर पाठवतो, असं साहेब तोंडानं बोलले.

'कायम' हा शब्द आमच्या आक्काच्या घरात इतर घरांत 'औंदा पाऊस' यावा तसा येई. कायम झालं की घराला पत्रे, कायम झालं की डोळ्यांचं ऑपरेशन. आक्कानं दाजींसाठी एक पांढरा सदरा तीन वर्षं घडी न मोडता ठेवला होता, कायमच्या दिवशी घालायला.

वेळ होता पंधरा दिवस आणि काचा सहाशेच्या वर. एकट्यानं होणं शक्य नव्हतं. मी तेव्हा सोनपेठच्या शाळेत मास्तर होतो आणि दिवाळीच्या सुटीत आक्काकडे लाडू खायला आलो होतो. दाजींनी एका फुलस्केप कागदावर सगळं काम पायऱ्या पायऱ्यांनी लिहून काढलं आणि तो कागद खळीनं भिंतीला चिकटवला. तांबडी किनार दिसली तर ब्लेडनं खरवडावी; पिवळीच असेल तर खरवडू नये, थेट तिसऱ्या पायरीला जावं. मथळा मधे असेल तर पुसून डावीकडे घ्यावा. नसेल तर काच पुढच्या माणसाकडे द्यावी. सहावी पायरी माझी: काच पालथी करावी, मागच्या बाजूला खाली पट्टी चिकटवावी, डब्यात ठेवावी. आक्का खरवडणार, दाजी रंगवणार, मी चिकटवणार. कागद सांगेल तसं तिघांनी करत सुटायचं, कुठल्या डब्यात काय आहे याचा विचार करायचा नाही. माझी लेक आता पुण्यात संगणकावर हेच करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, याला स्क्रिप्ट म्हणतात, एकदा लिहिली की शंभर प्रेझेंटेशनं एका दमात रूप बदलतात. मी म्हटलं, बाई, त्या स्क्रिप्टवर मी स्वतः चाललो आहे.

चाललो, पण पहिल्याच दिवशी अडखळलो. मला वाटलं, म्हशीच्या खुरांवर पट्टी येते ते बरं दिसत नाही, म्हणून वीस काचांवर मी ती वर, शिंगांच्या बाजूला लावली. शिवाय जरा कलात्मक तिरपीही. दाजींनी संध्याकाळी डबा बघितला. मग कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत नवी ओळ लिहिली: 'मास्तरांनी डोकं वापरू नये.'

ही आज्ञा मी आयुष्यातल्या इतर कुठल्याही आज्ञेपेक्षा इमानानं पाळली. दहा दिवस मी काच घेई, पालथी करी, पट्टी मारी. पुष्कळ काचांवर खाली काहीतरी बारीक लिहिलेलं दिसे. पट्टी बसली की ते दिसेनासं होई. मला त्याचं जरासुद्धा काही वाटलं नाही. मुलांना वाचायला शिकवण्याचा पगार घेणारा मी, सहाशे काचा हाताखालून घातल्या आणि एक वाचली नाही. एकोणतीस डबे झाले. एका रांगेत लावले तेव्हा सुरेख दिसले, हेही खोटं नाही. आक्कानं सदरा उन्हात टाकला.

वरच्या साहेबांसमोर फजिती नको म्हणून एकसारख्या साहेबांनी आधी एखाद्या गावात दाखवून यायला सांगितलं. दाजी प्रोजेक्टर मांडीवर घेऊन एसटीनं माझ्याबरोबर सोनपेठला आले. बाजाराचा दिवस होता. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावली, शेतकरी दाटीवाटीनं बसले. दाजी काचा सरकवत होते, मी मास्तरी आवाजात मथळे वाचत होतो. कापसाची फवारणी आली. पिवळ्या किनारीत पंप पाठीवर घेतलेला माणूस, आणि खाली हिरवीगार पट्टी.

"मास्तर," एक म्हातारा म्हणाला, "औषध किती आन् पानी किती, ते कुठं हाय?"

मी पडद्याकडे बघितलं. जिथं ते होतं तिथं साहेब होते.

"मंग सायबाचं नाव घिऊन फवारू का?" म्हातारा म्हणाला. खोली हसली. मागं बसलेली एक बाई मात्र हसली नाही. तिनं एवढंच सांगितलं की मागच्या साली असंच अंदाजानं घातलं होतं, मालक तीन दिवस दवाखान्यात होते, अजून हात कापतो.

दाजी प्रोजेक्टरमागून उठून पुढे आले. कापूस, तूर, ज्वारी, प्रत्येक काचेची खालची ओळ त्यांना पाठ होती. ती त्यांनी उभं राहून दोन-दोनदा सांगितली आणि त्या बाईकडून म्हणवून घेतली. टॉकीजपासूनचा त्यांचा नेम होता, कामाची ओळ खाली लिहायची, कारण माणूस उठताना शेवटचं तेच वाचतो. औषध किती, हातमोजे घाला, रिकाम्या डब्यात पाणी भरू नका, सगळं खाली. आणि साहेबांनी सांगितलं 'सगळ्यात खाली' तेव्हा त्यांच्याच हातानं त्यांनी कागदावर सहावी पायरी लिहिली होती.

परतीच्या एसटीत आम्ही गंगाखेडपर्यंत आलो. तेव्हा दाजी म्हणाले, "तुला दिसत न्हवतं का रं, खाली काई लिवलंय ते?"

मी म्हटलं दिसत होतं.

"मंग बोललास का न्हाई?"

"कागदात नव्हतं, दाजी."

दाजींनी मांडीवरचा प्रोजेक्टर सरळ केला. "बराबर हाय," म्हणाले. "कागद माझा हाय."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की वरचे साहेब काही फवारणी करायला येत नाहीत, ते एकसारखेपणा बघायला येतात. पट्ट्या राहू द्या, भेट झाली की बघू. आणि टिपण तयार आहे, सही तेवढी राहिली आहे, तेव्हा विचार करून काय ते करा. भेटीला दोन दिवस होते. 'भेट झाली की बघू' म्हणजे काय, हे दाजी अकरा वर्षं बघत होते.

ते घरी आले आणि डबे उघडून मोजत बसले. खाली ओळ असलेल्या एकशे बारा काचा निघाल्या. आक्कानं सगळं ऐकलं. दोरीवरचा सदरा काढला, घडी घातली, पेटीत ठेवला. मग परातीत कोमट पाणी घेऊन आली आणि कापसाचा बोळा भिजवला.

"आजवर कायम न्हवतो तर जेवत न्हवतो का?" ती म्हणाली. "आना हिकडं पहिली काच."

पट्ट्या मागच्या बाजूला होत्या म्हणून अक्षरं पाण्यापासून वाचली. दोन दिवस आम्ही त्या सोडवत होतो. या खेपेला दाजींनी कागदावरची माझ्या डोक्याबद्दलची ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: 'पायरी शून्य. आधी वाचावं.' आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक काच मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची असं ठरलं. त्या दोन दिवसांत मला शेतीचं जेवढं कळलं तेवढं माझ्या बापाच्या चार एकरांत कळलं नव्हतं.

भेट झाली. पडद्यावर पट्टी, बिनपट्टी, बिनपट्टी, पट्टी असं येत राहिलं आणि एकसारख्या साहेबांचा चेहरा तांबड्या किनारीचा झाला. वरच्या साहेबांना मात्र पट्टीचं काही नव्हतं. कापसाची काच आली तेव्हा त्यांनी खिशातून डायरी काढली आणि औषधाचं माप लिहून घेतलं, त्यांच्या गावाकडे कापूस होता. जाताना म्हणाले, चांगल्या आहेत स्लाइडी, उपयोगाच्या आहेत. एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल की टिपण गेलं असेल. पण टिपण लिहिणारे वरचे साहेब नव्हते. ते ज्या टेबलाच्या खणात होतं, तिथंच राहिलं. पाच महिन्यांनी साहेब बदलून गेले, खण रिकामा करताना टिपणाचं काय झालं कोण जाणे.

नव्या साहेबांना निळा रंग आवडे. दाजींनी कागद काढला, 'पिवळी' खोडून 'निळी' केलं. पायरी शून्य तशीच ठेवली. असे आणखी तीन साहेब झाले. दाजी कायम कधी झाले नाहीत, म्हणून त्यांना निवृत्तही होता आलं नाही. शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा एक दिवस ते गेले नाहीत, एवढंच. केंद्रानंही काचा अडगळीत टाकल्या, आणि दाजींनी तिथला मोडका प्रोजेक्टर मागून आणून चालू केला.

त्यानंतर दोन वर्षांनी दाजी वारले. पण मला ते आठवतात ते त्याआधीच्या संक्रांतीला, विद्यापीठाचं नवं नाव जाहीर झालं त्या दिवशी. मी तिळगूळ घेऊन गेलो तर भर दुपारी दारं-खिडक्या बंद. खिडकीला वाकळ टांगलेली. गल्लीत फटाके वाजत होते, आणि दाजी आत काच डोळ्यांना अगदी लावून शेवटचा काना काढत होते. मला म्हणाले, "ये मास्तर. जुनं झाकलं न्हाई त्यांनी, वर नवं चढवलंय. आपुन मागितलं होतं तेवढं न्हाई. पन कामाचं काई पट्टीखाली गेलं न्हाई."

मी काच प्रोजेक्टरमध्ये सरकवली. चुन्याच्या भिंतीवर पुरं नाव उभं राहिलं, दोन ओळींत, पिवळ्या किनारीत. खालचा भाग कोरा होता. आक्का पदर तोंडाला लावून उभी होती. मी विचारलं, दाजी, खाली काहीच लिहिलं नाही?

"न्हाई," म्हणाले. "आज सगळ्या ओळी कामाच्या हायत."

मग ते भिंतीजवळ गेले, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, वरून खाली वाचायला लागले.