शब्द संपले, ओठ हलत राहिले

डबिंग स्टुडिओत त्याला सगळे शास्त्रीबुवा म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. परक्या भाषेतल्या चित्रपटांचे संवाद आपल्या भाषेत लिहायचे, तेही पडद्यावरच्या ओठांना बरोबर बसतील असे, हे त्याचं काम. एरवी तो त्यात वाकबगार. पण येशूवरचा चित्रपट हाती आला आणि या गृहस्थानं सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. कुणा नटानं एक ‘अरेरे’ जास्तीचा घातला, तरी ‘बायबलच्या शुभवर्तमानात आहे का?’ म्हणून पुन्हा रेकॉर्डिंग. घरी आईलाही त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, “शब्दन्शब्द शास्त्रातला आहे.”

एका जागी मात्र घोडं अडलं. क्रुसावरचा येशू खाली उभ्या असलेल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो, तो प्रसंग. शास्त्रातले शब्द संपले आणि नटाचे ओठ आपले हलतच राहिले. मूळ लेखकानं पदरचं काहीतरी घातलं होतं. आता ओठ काही शिवता येत नाहीत. आवाज देणाऱ्या नटाला दुसरीकडे पोचायचं होतं, ध्वनिमुद्रक सारखा घड्याळाकडे बघत होता. शास्त्रीबुवांनी कागदाच्या कडेला खरडलं, ‘आई, मी पुढे जाऊन दिवा लावतो.’ ओळ ओठांवर चपखल बसली. ध्वनिमुद्रक म्हणाला, “झकास,” आणि सगळे पांगले.

चित्रपट चर्चच्या सभागृहात दाखवला, तेव्हा दुखण्यानं निम्मी झालेली त्याची आई चाकाच्या खुर्चीत बसून आली होती. आजारपणात तिला अंधाराचं भय बसलं होतं. खोलीतला दिवा रात्रभर लागायचा. चुकून कुणी बंद केला तर ती दचकून उठायची. त्या ओळीला ती हमसून हमसून रडली. घरी आल्यावर अंथरुणात पडून म्हणाली, “दिवा बंद कर रे. पुढे लावलेला आहे.”

त्यानं बटण दाबलं खरं, पण ओळ आपल्याच पदरची आहे, हे त्याला ठाऊक होतं. मात्र त्या दिवसापासून आई अंधारात शांत झोपू लागली, आणि हा मूग गिळून बसला.

मग एके दिवशी ती म्हणाली, “रविवारी चर्चचे पाळक येणार आहेत. मला पुरताना ती दिव्याची ओळ वाचा, असं सांगणार आहे मी त्यांना. तेवढी शोधून खूण घालून ठेव.”

पाळकांना बाहेरच्या बाहेर गाठून खरं काय ते सांगता आलं असतं. त्यांनी मान डोलावली असती, आणि पुढे काय वाचलं ते ऐकायला आई थोडीच असणार होती? तो हेच मनात घोळवत होता. पण शनिवारी संध्याकाळी तिनं शास्त्राचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. “आधी मला वाचून दाखव.”

त्यानं वाचलं. आईला शिष्याच्या हाती सोपवलं, तिथं तो थांबला.

“दिव्याचं राहिलं,” आई म्हणाली.

ओळ जिभेवर होती. पण ते पुस्तक हातात धरून ती म्हणायला जीभ रेटेना.

“आई, ते यात नाही. मी घातलंय. शब्द संपले होते आणि ओठ हलत होते.”

आईनं विचारलं, “मनानं रचलंस?”

“रचायला वेळ कुठं होता? सुचलं ते लिहिलं.”

“सुचलं कसलं? माझंच आहे ते. जुन्या घराच्या जिन्यात अंधार असायचा. तू खालच्या पायरीवर बसून राहायचास. मी म्हणायचे, थांब तू, मी पुढे जाऊन दिवा लावते.”

त्याला ती पायरी आठवली.

“म्हणजे पुढे कुणी गेलेलंच नाही,” ती म्हणाली. ती रागावली असती तर परवडलं असतं.

त्यानं घाईघाईनं पानं उलटली. येशू शिष्यांना सांगतो की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातोय, ते त्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“यात दिव्याचं आहे?”

“नाही.”

“बरं. मग हेच वाचायला सांगू. घाल खूण.”

त्यानं खूण घातली, तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. दाराशी पोचल्यावर सवयीनं त्याचा हात बटणाकडे गेला.

“राहू दे,” आई म्हणाली. “आज दिवा राहू दे.”