वाऱ्यात न उडणारा तंबू

गेल्या रविवारी आम्ही आमच्या आईला चक्क वजन म्हणून वापरलं... सांगते.

बाबा या महिन्यात रिटायर होतायत. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून दोघं सांगलीला जाणार. त्याआधी बाबांना एकच फोटो हवा होता... यमुनेकाठी वाळूत बीळ करून राहणारा छोटा हिरवा पक्षी, वेडा राघू, चोचीत किडा धरून घरी येताना.

लपून बसायला घेतलेला पहिला तंबू पहिल्याच दिवशी उडाला. इथला एप्रिलचा वारा म्हणजे काय चीज आहे, ते दिल्लीकरांना विचारा. पुढे तंबू, मागे बाबा... हसू यायच्या आधी मला त्यांचा चेहरा दिसला, आणि वाईटच वाटलं.

मग करोल बागचा बाजार पालथा घातला. दुकानदार 'बिल्कुल नहीं उड़ेगा' म्हणत राहिला आणि बाबा काड्या वाकवून, शिवणी ताणून बघत राहिले. शेवटी एक बुटका, जाड कापडाचा, चारी कोपऱ्यांना दोऱ्या असलेला तंबू घेतला. घरी हॉलमध्ये उभारून त्यावर कूलर फुल सोडला. आई म्हणाली, हेच बघायचं राहिलं होतं.

आईच्या मते पक्षी बघणं म्हणजे रिकामटेकडेपणा. इतक्या वर्षांत ती एकदाही सोबत गेली नव्हती. या वेळी आली, पण गाडीतच बसणार या अटीवर.

तंबू मस्त उभा राहिला, पण वाळूत खुंट्या काही धरेनात यार. वाऱ्याकडचा कोपरा सारखा फडफडायचा आणि राघू लांब तारेवरच बसून. मी कोपरा धरून उभी राहिले, तर मला बघून येईनात. बाबा कॅमेरा बॅगेत भरायला लागले.

आई गाडीतून उतरली, तरातरा आली, चपला काढून आत शिरली. "अहो, सरका जरा. मी बसते कोपऱ्यावर, बघू कसा उडतो ते."

मी गाडीत जाऊन थांबले. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आली, तेव्हा आईच बोलत होती... किती हिरवागार, किती जवळ, आणि मला कधी सांगितलं का नाहीत?

फोटो? राघू बिळाशी आला आणि आईने बाबांचा हात गच्च धरला. स्क्रीनवर नुसता हिरवा फराटा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत येऊ.

बाबा म्हणाले, "नको गं. मिळाला."

तो फराटा आता फ्रेममध्ये आहे, सांगलीच्या सामानात सगळ्यात वर. तंबू मजबूत आहे, बिनधास्त घ्या... फक्त कोपऱ्यावर बसायला आपलं माणूस न्या.