चार पीएचचं सार

हुबळीत आंबट म्हणून जे काही विकलं, वाढलं किंवा सांडलं जातं, ते सगळं आमच्या सासऱ्यांनी मोजलेलं आहे. ते धारवाडला केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले, पण त्यांच्या खिशातला पीएचचा कागद झाला नाही. पट्टी बुडवायची, पिवळी, नारिंगी की लाल होते ते बघायचं आणि निकाल द्यायचा. दाजीबानपेठेतल्या एका लग्नात त्यांनी पंगतीतच ताक तपासलं, तेव्हा शेजारच्याने द्रोण खाली ठेवला, वाढप्याने कन्नडातून विचारलं, "सर, फूड इन्स्पेक्टर का?" आणि बादलीसकट पसार झाला. केशवापूरच्या त्यांच्या घरात शहाबादी फरशीवर लिंबाचा थेंब पडला की "चुनखडी आहे ती, आम्ल खातं तिला," म्हणत ओलं फडकं घेऊन धावतात. पाहुणे सरबताचा ग्लास छातीशी धरून बसतात.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.कॉम., फर्स्ट क्लास. मुलगी बघायला गेलो, तर यांनी पगार विचारलाच नाही. "पीएच चारपेक्षा तीन किती आंबट?" मी म्हटलं, "एकाने कमी." "दहापट जास्त. आकडा उतरला की आम्ल चढतं. कॉमर्स ना? चालायचं."

सासूबाई गेल्यापासून मात्र त्यांचा एकच ध्यास आहे: तिच्या हातचं चिंचेचं सार जमवायचं. त्याचा पीएच चार, हे त्यांना पाठ. रोज चिंच कोळतात, पट्टी बुडवतात, पाणी वाढवतात, रंग जुळला की भुरका मारतात आणि वाटी सरकवतात. "चारच आहे. पण ते नाही." तेव्हा एवढा मोठा माणूस नापास झालेल्या पोरासारखा दिसतो.

परवा बायको हळूच म्हणाली, "अहो, आई गूळ घालायची. अप्पांना शुगर निघाल्यावर त्यांनी गूळ बंद करवला. आई 'बरं' म्हणाली आणि चिमूटभर घालतच राहिली. गुळाने आंबटपणा जिभेला कमी लागतो, कागदाला थोडाच कळतो?"

"मग सांग ना त्यांना."

"आई फसवत होती म्हणून? तुम्हीच सांगा."

कुणीच सांगितलं नाही. रविवारी तिने सारात गुळाचा नखाएवढा खडा टाकला. अप्पांनी पट्टी बुडवली. "चार." मग भुरका घेतला आणि वाटी सरकवली नाही.

"गूळ चोरून कधीपासून घालत होती?"

"शुगर निघाली त्या दिवसापासून."

हसले नाहीत, रागावले नाहीत. "थोडं रात्रीला ठेव," म्हणाले, आणि एरवी भुरके मारणारा तो माणूस वाटीतलं उरलेलं सार चमच्याचमच्याने, सावकाश प्याला.